आवक-जावक यांस कळवणेबाबत

विषय : 'फिसकन' या विनोदी संकेतस्थळावरील प्रतिसाद काढून टाकणेबाबत.

संदर्भ : १) माझा अर्ज व त्यानंतरची चार स्मरणपत्रे. २) श्रीमती सुमन वसंत पेडणेकर, राहणार लालबाग, यांचा अर्ज.

उपरोक्त विषयी सादर करण्यात येते की... एवढं लिहिलं की पुढचं आपोआप उतरतं. हात तसा वळलाय. छत्तीस वर्षं मी एका सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेत बसलो. आलेला कागद नोंदवायचा, त्यावर शेरा मारायचा आणि तो दुसऱ्या कुणाच्या टेबलावर ढकलायचा, ही नोकरी. निवृत्तीच्या दिवशी मला शाल, श्रीफळ आणि 'नाडकर्णींनी कधी कुणाचं मन दुखावलं नाही' असं एक भाषण मिळालं. भाषण करणाऱ्याचे तीन अर्ज मी परत पाठवले होते.

किश्श्यांचं फायलींसारखंच असतं. एक येते, तिला जोडून दुसरी येते, तिसरी कुणी चुकून आपल्या टेबलावर ठेवून जातं. वर्षभराने बघावं तर ढिगामुळे खिडकी लागत नाही. आमच्या 'फिसकन'च्या मंडळींचे किस्से असेच साठले. वरचे हसण्याचे आहेत. ते काढल्याशिवाय खालचा हाताला लागत नाही, म्हणून वरूनच सुरुवात करतो.

*

'फिसकन'ची वाट मला सुनेनं दाखवली. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही दिवसभर घरात टोमणे मारता. ते तिथे लिहा. तिथे लोकांना आवडतात."

पद्धत सोपी होती. कोणीही यावं, वाटेल ते नाव घ्यावं आणि विनोद टाकावा. त्याच्याखाली 'प्रतिसाद' असं लिहिलेलं असतं आणि शेजारी आकडा. त्यावर बोट लावलं की लोकांनी काय काय म्हटलंय ते उलगडतं. एखाद्याचा प्रतिसाद आवडला तर त्याला टाळी द्यायची. खरं नाव कुणाचं कुणाला कळत नाही.

मी 'आवक-जावक' असं नाव घेतलं. समोर सासू-सुनेवरचा एक विनोद होता. त्याखाली लिहिलं : "सदर विनोद दोनदा तपासला. त्यात विनोद आढळून आला नाही. सबब परत."

जेवायच्या वेळेपर्यंत बासष्ट टाळ्या.

छत्तीस वर्षांत माझ्या एकाही शेऱ्याला कुणी टाळी दिली नव्हती. साहेब सही करायचे, तीही न वाचता. मी पानावरून उठलो आणि हात न धुताच फोन उघडून बसलो. सून म्हणाली, "आता घरात जरा शांतता मिळेल." मिळाली.

*

'फिसकन'वर एक 'शास्त्रीबुवा' होते. कडक सोवळ्यातले. जरा कुठे चावट विनोद दिसला की खाली उतरायचे : "शिव शिव! हेच संस्कार का?" त्यांना चिडवायला लोक मुद्दाम चावट विनोद टाकायचे, आणि शास्त्रीबुवा त्यातला एकही वाचायचा सोडत नसत.

एकदा डोंबिवलीच्या कुणा गृहस्थानं त्यांना खासगीत विचारलं, "बुवा, मुलाच्या मुंजीला चांगला दिवस काढून द्याल का?"

शास्त्रीबुवांची पंचाईत झाली. कारण त्यांचं खरं नाव आंतोन; हे मला पुढे ओळख वाढल्यावर त्यानंच सांगितलं. राहायला गिरगाव, निवृत्ती एका जहाज कंपनीच्या ऑफिसातून, दर रविवारी चर्चमध्ये दुसऱ्या बाकावर. पण माणूस शब्दाचा पक्का. तो उठला, जिना चढून वरच्या लेलेकाकूंकडे गेला, त्यांना पंचांग काढायला लावलं आणि दिवस कळवून टाकला.

मुंज झाली. फोटो आला. बटूच्या वडिलांनी लिहिलं, "आपण काढून दिलेला मुहूर्त इतका चांगला, की केटररसुद्धा वेळेवर आला."

त्यानंतर लोक आंतोनला मुहूर्त विचारतच राहिले. लेलेकाकू फक्त एवढंच म्हणतात, "अरे आंतोन, आधी मुलाची रास विचारून येत जा रे. माझे गुडघे दुखतात, मी पंचांग दोनदा काढणार नाही."

*

'लवंगी'ला सगळे घाबरायचे. एका कवीच्या विनोदी कवितेखाली तिनं एकच ओळ लिहिली होती, "औषध बंद केलंत का?" कवी परत दिसला नाही.

आमचं एकमत होतं की लवंगी म्हणजे दादरचा कुणी बेकार इंजिनीअर असणार. शेवटी आंतोननं ठरवलं की भेटायचंच. दादरला एका जुन्या उपाहारगृहात, शनिवारी चार वाजता. आम्ही दोघं बसलो होतो. खांद्याला पर्स, हातात भाजीची पिशवी अशी एक पन्नाशीची बाई टेबलापाशी आली, आंतोनकडे बघून म्हणाली, "शास्त्रीबुवा ना? तुमच्या पायाला सूज आहे. मीठ कमी करा."

सिस्टर कदम. परळच्या एका हॉस्पिटलात तीस वर्षं. ती बसली आणि मिसळ मागवली.

मी विचारलं, "सिस्टर, तुम्ही इतकं तिखट कसं काय लिहिता?"

"वॉर्डात दिवसभर गोड बोलायचं असतं. 'बाबा, बरं वाटेल हां उद्या.' आपल्याला माहीत असतं, उद्या काही बरं वाटायचं नाही. ते सगळं आत साठतं. कुठे तरी ओतायला नको?"

आंतोन म्हणाला, "म्हणजे आम्ही तुझं सिंक."

"सिंक कसलं मेल्या? मोरी."

त्या दिवसापासून दर शनिवारी आम्ही तिघं भेटू लागलो. हाका मात्र साइटवरच्याच. मी 'जावक', तो 'बुवा', ती 'लवंगी'. वेटरला वाटायचं, ही कसली तरी नाटक मंडळी आहेत.

*

मग 'सुहास्य' आला.

रोज सकाळी सहाच्या ठोक्याला एक विनोद. सहा म्हणजे सहा. विनोद असे, की शाळेच्या वार्षिक अंकातसुद्धा संपादकांनी 'साभार परत' केले असते. एक नमुना देतो. माणूस छत्री दुरुस्तीला देतो. विचारतो, कधी मिळेल? कारागीर म्हणतो, "पावसाळा संपल्यावर या. सध्या फार गर्दी आहे."

आम्हाला असा माणूस हवाच होता. त्याच्या विनोदाखाली पहिला प्रतिसाद कुणाचा, याची आम्हा तिघांत शर्यत लागली. याला आम्ही सकाळची पूजा म्हणायचो. आंतोन लिहायचा, "हा विनोद आमच्या आजोबांच्या मुंजीत ऐकला होता." लवंगी लिहायची, "पेशंट गेलेला आहे. चादर घाला." मी कचेरीच्या भाषेत रोज नवा शेरा द्यायचो. आमचं बघून बाकीचे यायचे, आणि साताच्या आत आकडा वीस-पंचवीसवर.

पण गंमत पुढेच होती. सुहास्य प्रत्येकाला उत्तर द्यायचा, एकालाही न वगळता : "आपल्या सूचनेबद्दल आभारी आहे. सुधारणा करीन."

यावर आमची दादरला मोठी चर्चा झाली. लवंगी म्हणाली, "मला वाटतं, बिचारा खरंच आभार मानतोय. पोरकट असेल कुणीतरी."

आंतोन म्हणाला, "जावक, तू सांग. असल्या भाषेत तुझी हयात गेली."

मी चहाचा घोट घेऊन निकाल दिला. छत्तीस वर्षं मी पत्राच्या शेवटी 'आपला विश्वासू' लिहिलं होतं. एकदाही मी कुणाचा विश्वासू नव्हतो. 'आभारी आहे' म्हणजे काय, हे मला कोण शिकवणार? म्हणालो, "हा उपहास आहे. फार वरच्या दर्जाचा. हा माणूस रोज आपल्या तिघांना मूर्ख ठरवतोय आणि आपल्याला कळतसुद्धा नाहीये."

लवंगीला ते पटलं. "अस्सं काय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही आवाज वाढवला.

*

सात महिने हे चाललं. त्याचे दोनशे चौदा विनोद, त्याखाली माझे दोनशे चौदा शेरे. एकही दिवस माझा खाडा नाही. नोकरीत असतो तर प्रशस्तिपत्र मिळालं असतं.

दोनशे चौदावा विनोद असा होता. बायको म्हणते, "मघापासून मी एकटीच बोलतेय. तुम्ही काहीतरी बोला की." नवरा म्हणतो, "बोललो असतो. पण मग तुझं ऐकणार कोण?"

मी सहा वाजून पाच मिनिटांनी लिहिलं : "सदर विनोदाची अंतिम छाननी केली. हसू आढळून आले नाही. प्रकरण कायमचे बंद करावे."

एकशे बारा टाळ्या. तो माझा उच्चांक. आंतोननं फोन करून सांगितलं, "जावक, आज तू बाप झालास सगळ्यांचा."

सुहास्यचं उत्तर त्या दिवशी उशिरा, दुपारी चारला आलं. "आपल्या सूचनेबद्दल आभारी आहे. सुधारणा करीन."

दुसऱ्या दिवशी सहाला विनोद नाही. साडेसहा झाले. मी कालच्याच विनोदाखाली लिहिलं : "आज गैरहजर. रजेचा अर्ज नाही. बिनपगारी धरावी." लवंगीनं लिहिलं, "सुटलो." आंतोननं नुसतेच हात जोडले.

पुढचं बघायला मला सवड झाली नाही. आमच्या इमारतीत मयत झाली होती. दुसऱ्या मजल्यावरचे पेडणेकर पहाटे झोपेतच गेले. मी तिसऱ्यावर राहतो. खाली उतरलो, माणसं जमवली, डॉक्टरचा दाखला आणला, पुढचे सगळे कागद केले. कागदांच्या कामाला इमारतीत मलाच बोलावतात.

*

पेडणेकर मिलच्या टाइम ऑफिसात होते. कामगार फाटकातून आत आला की हजेरीपटावर खूण करायची, उशीर झाला तर लाल शाईनं 'लेट' लिहायचं. मिल बंद पडल्यावर दुसरीकडे कुठे तेच काम केलं. बोलका माणूस. गॅलरीत उभे राहून विनोद सांगायचे आणि शेवट यायच्या आत स्वतःच हसायचे, त्यामुळे शेवट कुणाला कळायचा नाही.

मग घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. तेव्हापासून खिशात एक छोटी वही आणि पेन्सिल. काही सांगायचं तर लिहून दाखवायचे. सुरुवातीला लोक थांबून वाचायचे. पण जिन्यात उभं राहून कोण कुणाचं किती वाचणार?

मला एकदा त्यांनी जिन्यात अडवलं होतं. हातात फोन होता. तो माझ्यासमोर धरून काहीतरी दाखवत होते, चेहरा हसरा. मी म्हणालो, "नंतर बघतो हां पेडणेकर, जरा घाईत आहे." घाई ही होती, की सकाळच्या माझ्या शेऱ्याला किती टाळ्या झाल्या ते वर जाऊन बघायचं होतं.

*

दोनेक महिन्यांनी एका सकाळी पेडणेकर वहिनींनी चहाला बोलावलं. पेन्शनचा कुठलासा फॉर्म होता. तो भरून झाल्यावर त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही एवढं वाचता. 'फिसकन' म्हणून काही ऐकलंय का?"

मी म्हणालो, "नाही." का म्हणालो, माहीत नाही. साइटवर नाव लपवायची सवय होती, ती तोंडात आली असेल.

"हे त्यात लिहायचे. 'सुहास्य' नावानं. त्यांचा फोन तर त्यांच्या लॉकनं बंदच पडला, कुणाला उघडेना. मग मुलीनं माझ्या फोनवर लावून दिलंय. मी रोज सकाळी सहाला एक वाचते. पहिल्यापासून धरलंय. एकदम वाचून संपवलं तर मग पुढे काय करू?"

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. छत्रीचा विनोद होता. "हा एक्केचाळिसावा," त्या म्हणाल्या. "मी हसले आज. छत्रीवाला आमच्या नाक्यावरचाच, मी ओळखलं."

मग त्यांनी बोटानं खालचा आकडा दाखवला. "आणि हे बघा, प्रतिसाद अडतीस. म्हणजे अडतीस वेळा कुणी ना कुणी त्यांच्याशी बोललं ना? इथे जिन्यात दोन माणसं थांबत नव्हती हो."

"उघडून पाहिलेत का?" मी विचारलं.

"नाही. मुलगी म्हणाली, बोट लावलं की उघडतं. पण मी ठरवलंय, आधी यांचं सगळं वाचून होऊ दे. मग सावकाश लोकांचं वाचीन. तेवढेच आणखी काही महिने निघतील."

मी फोन त्यांच्या हातात परत दिला. चहा निवला होता. तसाच प्यायलो.

*

त्या शनिवारी दादरला मी हे सगळं सांगितलं. मिसळ तशीच राहिली.

लवंगीनं विचारलं, "कितवा चाललाय त्यांचा?"

"त्रेचाळीस झाले आज."

"एकूण दोनशे चौदा." तिनं फोन काढला. "चला. आत्ताच्या आत्ता काढा सगळे. बुवा, तुमचेही."

आम्ही तिघं माना खाली घालून बसलो. शेवटच्या दिवसाचे ते 'गैरहजर', 'सुटलो' आणि जोडलेले हात पटकन निघाले. बाकीचा एकही निघेना. आंतोननं चष्मा वर करून साइटचे नियम वाचून दाखवले. ज्या प्रतिसादाला उत्तर मिळालेलं आहे, तो लिहिणाऱ्याला काढता येत नाही. उत्तर देणाऱ्यानं आधी आपलं उत्तर काढावं लागतं.

आणि सुहास्यनं सगळ्यांना उत्तरं दिली होती. एकालाही न वगळता. तो गेला त्या सकाळच्या प्रतिसादांना त्याच्याकडून उत्तर आलं नाही, म्हणून तेवढेच निघाले. बाकी सगळं त्याच्या आभारांनी पक्कं करून टाकलं होतं.

लवंगी म्हणाली, "मी म्हटलं होतं तुम्हाला. बिचारा खरंच आभार मानतोय म्हणून."

"म्हटलं होतंस," मी म्हणालो.

आंतोन म्हणाला, "जावक, जा आणि सरळ सांगून टाक त्या बाईला. मी करतो ना दर महिन्याला पाद्रीबाबांपुढे कन्फेशन. माणूस हलका होतो."

"तुमच्याकडे मधे जाळी असते," लवंगी म्हणाली. "ह्यांना रोज त्याच जिन्यात तोंड दाखवायचंय."

*

मग मी अर्ज केला. आयुष्यात पहिल्यांदा टेबलाच्या पलीकडच्या बाजूनं. 'फिसकन'च्या व्यवस्थापकांस, सविनय. कारण लिहिलं : "लेखक हयात नाहीत. प्रतिसाद अनुचित आहेत. कुटुंबीयांच्या वाचनात येण्यापूर्वी काढून टाकावेत."

उत्तर यायला तीन आठवडे लागले. तोवर वहिनींचे पासष्ट झाले होते. उत्तर असं : मूळ लेखक हयात नसल्यास त्यांच्या वारसांचं संमतीपत्र जोडावं. ते न जोडल्यानं अर्ज विचारात घेता येत नाही.

मी ते दोनदा वाचलं. शब्द जवळजवळ माझेच होते. 'वारसाची संमती जोडलेली नाही, सबब परत' असा माझा एक रबरी शिक्काच होता. तो मारताना समोर कोण उभं आहे, हे मी कधी मान वर करून पाहिल्याचं आठवत नाही.

चार स्मरणपत्रं पाठवली. चारींना तेच उत्तर.

म्हणजे वहिनींनी ते वाचू नये, यासाठी वहिनींचीच सही आणायची होती. आणि सही कशावर आहे, हे त्या विचारणारच. त्या काही आमच्या साहेबांसारख्या नाहीत.

दर शनिवारी लवंगी फक्त आकडा विचारायची. "किती?" मी सांगायचो. ब्याण्णव. एकशे सहा. एकशे सत्तावीस. तिनं साइटवर लिहिणं बंद केलंय. आंतोननंही. तो हल्ली फक्त मुहूर्त सांगतो. नवी मंडळी आली आहेत. एका नव्या माणसाच्या विनोदाखाली परवा कुणीतरी लिहिलेलं दिसलं : "सबब परत." त्याला ऐंशी टाळ्या होत्या.

*

वहिनींचा एकशे ब्याऐंशीवा झाला, त्या दिवशी मी संमतीपत्र सुवाच्य अक्षरात लिहून खिशात घातलं आणि दुसऱ्या मजल्यावर गेलो. ठरवलं होतं की आज सांगायचं.

मी तोंड उघडणार तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "बरं झालं आलात भाऊजी. तुम्हालाच बोलावणार होते. कागदाचं काम आहे."

त्यांनी पेडणेकरांची वही आणली. ती खिशातली, लिहून बोलायची. मी त्यांच्या हातात ती शंभरदा पाहिली होती, आतून कधी पाहिली नव्हती.

"मागची पानं बघा," त्या म्हणाल्या.

मागच्या पानांवर हजेरीपट होता. पट्टीनं आखलेला. वर दिवस, डाव्या बाजूला नावं आणि पुढे खुणा. टाइम ऑफिसातलं सुबक अक्षर. शास्त्रीबुवा. लवंगी. आणखी पाच-सात जण. शास्त्रीबुवांच्या ओळीत अधूनमधून लाल पेन्सिलीनं 'लेट'.

सगळ्यात वर नाव होतं, आवक-जावक. त्याच्यापुढे सरळ खुणाच खुणा, पानामागून पानं. एकही कोरा चौकोन नाही.

"दुपारी आम्ही जेवायला बसलो की मला दाखवायचे," वहिनी म्हणाल्या. "हे आले, ते आले. एखादा नाही आला तर काळजी करायचे, बरं नसेल का म्हणून. या आवक-जावकचं तर फार कौतुक. एकदा लिहून दाखवलं होतं मला, हा माणूस पहिल्या पाळीचा आहे, कधी चुकत नाही."

मी पानं उलटत राहिलो. शेवटच्या पानावर शेवटच्या दिवसापुढेही माझी खूण होती.

"भाऊजी, मला काय वाटतं, इतके महिने रोज येणारा माणूस. एके दिवशी अचानक यांचं लिहिणं बंद झालं, तर त्याला काय वाटलं असेल? कुणी कळवलंसुद्धा नाही त्याला. बरं नाही दिसत ते. त्याचा पत्ता मिळेल का हो कुठून?"

"साइटवाल्यांना विचारावं लागेल," मी म्हणालो.

"मग लिहा ना अर्ज. तुमचं अक्षर छान आहे. मी सांगते, तुम्ही लिहा."

मी लिहिलं. व्यवस्थापकांना दोन ओळी, की सोबतचं पत्र 'आवक-जावक' यांना पोचवावं. आणि सोबतचं पत्र त्यांनी सांगितलं तसं :

"श्री. आवक-जावक यांस, सप्रेम नमस्कार. माझे यजमान, सुहास्य, हे वारले. तुम्ही रोज येत होतात, म्हणून कळवते. कळवायला उशीर झाला, त्याची माफी असावी. त्यांना तुमचा फार आधार होता. मला तुमचं खरं नाव माहीत नाही. जवळपास राहत असाल तर एकदा घरी चहाला या. लालबाग, दुसरा मजला, जिन्यासमोरची खोली. तुम्ही लिहिलेलं मी अजून वाचलेलं नाही. त्यांचे विनोद संपले की वाचणार आहे."

त्यांनी पत्र एकदा वाचलं, 'आधार' शब्दावर बोट ठेवून विचारलं, "हे बरोबर लिहिलंय ना?" मी हो म्हणालो. त्यांनी सही केली. माझ्या खिशातलं संमतीपत्र खिशातच राहिलं.

पत्र मीच पाठवलं. या वेळी साइटवाल्यांना तीन आठवडे लागले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी ते योग्य त्या व्यक्तीकडे पुढील कार्यवाहीसाठी रवाना केलं.

सद्यःस्थिती पुढीलप्रमाणे. संदर्भ क्रमांक एकचा अर्ज वारसाच्या संमतीअभावी व्यवस्थापकांकडे पडून आहे. संदर्भ क्रमांक दोनचा अर्ज 'आवक-जावक' यांना मिळाला. त्यांनी तो नोंदवून घेतला आहे. आज सकाळी वहिनींचा एकशे पंच्याण्णवावा झाला, एकोणीस उरले आहेत. जिन्यात भेटल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "आलं का हो काही उत्तर?" त्यांना सांगितलं, अर्ज पोचला आहे, निर्णय प्रलंबित आहे.